मजूरमंत्र्यांची वीज

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा हे टप्पे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण याच आयुष्यात चार वर्षे अशी आहेत, की त्यांचा उल्लेख चरित्रांत थोडक्यात येतो आणि जयंतीच्या भाषणांत बहुधा येतच नाही. जुलै १९४२ पासून जून १९४६ पर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. नाव मजूर खात्याचे. पण त्या खात्याच्या पोटात सरकारी बांधकामे, खाणी, पाटबंधारे आणि वीज असे विषयही होते. आज आपल्या घरातला दिवा ज्या व्यवस्थेतून लागतो, तिचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात वीजखात्याची सूत्रे त्यांच्या हाती होती.

मी हे लिहितो आहे ते दीपनगरच्या शेजारी राहून. भुसावळजवळची ही वसाहत औष्णिक वीज केंद्राची. नावातच दिवा आहे. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे खान्देशात गेली आणि निवृत्तीनंतर इथेच घर केले. केंद्राच्या उंच चिमण्या गच्चीवरून दिसतात. हतनूर धरणातून येणारे तापीचे पाणी आणि रेल्वेने येणारा कोळसा यांच्यावर हे केंद्र चालते. इथल्या घराघरांत पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. त्यामुळे वीज कोणीतरी तयार करतो तेव्हा आपल्याकडे येते, ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही सांगावी लागत नाही. तयार झालेली वीज पुढे जाते कशी आणि ती सगळ्यांच्या उपयोगी पडते कशी, याचा विचार मात्र मी करू लागलो तो एका घरगुती निमित्ताने.

माझ्या भाच्याने सुट्टीत घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायला घेतला. मदरबोर्ड नवा आणला आणि वीज पुरवणारी पेटी, जिला सगळे एसएमपीएस म्हणतात, ती जुन्या कॉम्प्युटरमधली वापरायचे ठरवले. ही पेटी घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करते. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५, नारिंगी तारेत ३.३ आणि काळी तार परतीची, असा तिचा रंगांचा हिशेब असतो. पण जुन्या पेटीच्या मुख्य प्लगला २० पिना होत्या आणि नव्या बोर्डावरची खोबण २४ पिनांची होती. प्रोसेसरसाठी पेटीत चार पिनांचा प्लग होता, तर बोर्डाला आठ पिनांचा हवा होता. पेटी चांगली, बोर्ड चांगला, वीजही तीच. पण दोघांचे जमेना.

भाच्याने मग मला या प्लगांचा इतिहासच सांगितला. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरांत मुख्य वीज दोन सारख्या दिसणाऱ्या प्लगांतून जायची. ते लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, हे तंत्रज्ञाने लक्षात ठेवायचे. अदलाबदल झाली की बोर्ड जळून जायचा. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे मानक आणले आणि एकाच बाजूने बसेल असा २० पिनांचा एकच प्लग आला. पुढे प्रोसेसरची भूक वाढली तशी त्याच्यासाठी चार पिनांची वेगळी जोडणी आली, आणि २० पिनांच्या २४ झाल्या. चांगली गोष्ट अशी की नवे करताना जुन्याचा विचार सोडला नव्हता. म्हणून अनेक पेट्यांत २० आणि ४ असे सुटे होणारे प्लग मिळतात. सावध राहायचे ते सारख्या दिसणाऱ्या प्लगांपासून. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला भावंडे, पण त्यांच्यात १२ व्होल्टच्या आणि परतीच्या तारा उलट बाजूंना असतात. म्हणून पिना मोजाव्यात, खटक्याची बाजू पाहावी, पेटीचे वॉट पुरेसे आहेत का ते तपासावे आणि जोर लावून काहीही बसवू नये. भाच्याने शेवटी नवी पेटी आणली.

बँकेतल्या माणसाला हे ऐकताना धनादेश आठवतात. पूर्वी प्रत्येक बँकेचा धनादेश वेगळ्या आकाराचा, वेगळ्या कागदाचा असायचा. ऐंशीच्या दशकात खालच्या पट्टीवर चुंबकीय शाईचे आकडे असलेले एकसारखे धनादेश आले आणि कोणत्याही बँकेचा कागद एकाच यंत्रातून जाऊ लागला. आपली वस्तू दुसऱ्याच्या वस्तूला जोडता यावी यासाठी सर्वांनी आधीच काही गोष्टी मान्य करून ठेवायच्या, याला मानक म्हणतात. मानक ठरले की कोणाच्या ओळखीची गरज उरत नाही. प्लग बसतो, काम होते.

आता हीच अडचण एका देशाएवढी मोठी करून पाहू. शंभर वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान विजेच्या बाबतीत न जुळणाऱ्या सुट्या भागांचा ढीग होता. म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रम येथे १९०२ साली सुरू झालेली वीज सेकंदाला २५ आवर्तनांची होती. टाटांनी १९१५ साली खोपोलीला काढलेली वीज ५० आवर्तनांची. कलकत्त्यात कित्येक भागांत एकदिश वीज होती. बहुतेक गावांत वीज नव्हतीच. जिथे होती तिथे १९१० च्या कायद्याखाली परवाना घेतलेली एखादी कंपनी किंवा नगरपालिका आपले छोटे वीजघर चालवी. एका गावात वीज उरली आणि शेजारच्या गावात कमी पडली, तरी या गावची त्या गावाला देता येत नसे. तारा ओढल्या असत्या तरी आवर्तने आणि दाब जुळल्याशिवाय दोन वीजघरे एकत्र चालत नाहीत.

भुसावळ-मुंबई प्रवास करणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांनी ही न जुळणारी जोडणी प्रत्यक्ष पाहिली आहे. मुंबईकडची आगगाडी १९२५ पासून १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावू लागली होती. इगतपुरीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, पुढे २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. म्हणून इगतपुरीला गाडी थांबायची आणि इंजिन बदलायचे. प्रवासी खाली उतरून वडा खायचे. त्यामागे दोन विजांचे भांडण आहे हे फार थोड्यांना ठाऊक असायचे. २००६ पासून टप्प्याटप्प्याने मुंबईकडचा मार्गही बदलत गेला आणि २०१६ साली मुंबईच्या लोकलमधली एकदिश वीज पूर्ण संपली. एकदा वेगवेगळे मानक रुजले की ते एकत्र आणायला किती काळ लागतो, याचा हा नमुना आहे.

एखादी सेवा अस्तित्वात असते, घेणाराही समोर उभा असतो, आणि तरी दोघांची गाठ पडू दिली जात नाही, या अनुभवाची बाबासाहेबांना लहानपणापासून ओळख होती. त्यांच्या बाबतीत कारण अर्थातच यंत्राचे नव्हते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला आले. १९०१ च्या सुमारास वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर असताना मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. गाडीवान तिथे होते, बैल होते, रस्ता होता. पण मुले महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि मुलांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर प्रवास सुरू झाला. वाटेत रात्र झाली आणि जवळ शिदोरी असूनही मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर ती रात्र कायमची उमटली.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत घासलेटच्या दिव्यापुढे हा मुलगा शिकला. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, तिथून १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत हुद्दा मिळाला, पण राहायला घर मिळाले नाही. पारशी खाणावळीत घेतलेली जागाही लोकांनी काठ्या घेऊन सोडायला लावली, आणि नोकरी सोडून ते मुंबईला आले. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले, १९२० साली मूकनायक सुरू केले आणि त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडन गाठले.

त्यांच्या तिथल्या अभ्यासाचा विषय रुपया. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ग्रंथरूपाने आला आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावरचा. दुसरा ग्रंथ आमच्यासारख्या बँकवाल्यांत कमी वाचला गेला, पण वीजखात्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. कोणते काम केंद्राने करावे, कोणते प्रांताने, आणि पैशाची वाटणी कशी व्हावी, हा त्याचा गाभा आहे. योगायोगाची गोष्ट अशी की ते ज्या लंडनमध्ये शिकत होते, ते शहर त्या वेळी विजेच्या गोंधळासाठी प्रसिद्ध होते. शेजारच्या दोन भागांत दाब वेगळा, आवर्तने वेगळी. घर बदलले तर दिवेही बदलावे लागत. ब्रिटनने १९२६ साली कायदा करून मध्यवर्ती वीज मंडळ नेमले, ५० आवर्तने ठरवली आणि देशभर वाहिन्यांचे जाळे विणले. त्याला ग्रिड हे नाव तिथलेच.

इकडे बाबासाहेबांचा लढा सुरू झाला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला होता. तरीही अस्पृश्यांना तिथे जाता येत नव्हते.

आणि मग आपल्या खान्देशातला प्रसंग. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडे आले होते. काम आटोपून परत जाताना चाळीसगावला उतरले. तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला. वस्ती नदीपलीकडे, पाहुण्याला चालवत नेणे बरे दिसणार नाही म्हणून टांगा पाहिला. टांगेवाले बसवून घेईनात. अखेर एकाने तोड काढली. टांगा भाड्याने देतो, हाकणार मात्र नाही. मग वस्तीतल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट खाली गेला. पायाचे हाड मोडले, ते कित्येक दिवस अंथरुणावर होते. मसूरचा गाडीवान आणि चाळीसगावचा टांगेवाला यांच्यामध्ये २८ वर्षे होती. त्या मुदतीत मुलगा बॅरिस्टर झाला, विधिमंडळाचा सभासद झाला. टांग्याची अट मात्र जुनीच होती.

खान्देशाशी त्यांचा संबंध पुढेही राहिला. १९३७ साली खटल्याच्या कामाने ते धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांनी मुक्काम केला. दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक त्या आठवणीसाठी जमतात.

१९४२ च्या जुलैमध्ये ते दिल्लीला मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. महायुद्ध चालू होते. मजुरांसाठी त्यांनी केलेले काम पुष्कळांना माहीत आहे. आठवड्याला ४८ तासांचा कारखाना-कायदा याच काळातला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडे कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले आणि पुढच्या वर्षी खाणकामगारांच्या कल्याणनिधीची तरतूद झाली. दीपनगरसारख्या कोळशावर जगणाऱ्या गावाने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युद्ध संपल्यावर देश कसा उभारायचा यासाठी सरकारने पुनर्रचना समित्या नेमल्या होत्या. सरकारी बांधकामे आणि वीज यांच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी तिच्या पहिल्या बैठकीत त्यांनी जे भाषण केले, ते वाचताना शाखेच्या तपासणीला आलेला एखादा कडक पण न्यायी अधिकारी आठवतो. त्यांनी घोषणा केल्या नाहीत, प्रश्न मांडले. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या? खासगी असेल तर लोकांचे हित राखायला कोणत्या अटी घालाव्यात? सरकारी असेल तर केंद्राची की प्रांतांची? आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी, वाया जाऊ नये, यासाठी कारभाराची कोणती रीत चांगली? या साऱ्याच्या मुळाशी त्यांचा एक विचार होता. या देशातली गरिबी शेतीवर पडलेल्या बोजामुळे हटत नाही. बोजा कमी करायचा तर कारखानदारी हवी, आणि स्वस्त विजेवाचून कारखानदारी उभी राहणार नाही. वीज ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू नव्हती. दारिद्र्यातून सुटण्याचे ते साधन होते.

यातून १९४४ साली मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. तोवर वीज म्हणजे परवाना देणे आणि परवान्यावर देखरेख करणे, एवढेच सरकारचे काम मानले जाई. आता एक तज्ज्ञ मंडळ देशभराची माहिती जमवणार, पाहणी करणार आणि प्रांतांच्या हद्दी बाजूला ठेवून योजना आखणार होते. पाण्यासाठी एप्रिल १९४५ मध्ये तसाच मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग आला. तांत्रिक माणसे आपल्याकडे कमी आहेत हे ओळखून अभियंत्यांच्या प्रशिक्षणाचा विषयही त्यांच्या खात्याने हाती घेतला.

या विचाराची पहिली मोठी कसोटी दामोदर नदीवर लागली. जुलै १९४३ च्या पुराने बंगालमध्ये हाहाकार केला होता. नदी बिहारातून येते, पूर बंगालला बुडवतो. धरण बांधायचे तर जमीन एकाची आणि लाभ दुसऱ्याचा. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींपुढे बाबासाहेबांनी भूमिका मांडली. नुसता पूर अडवून भागणार नाही, त्याच धरणातून शेतीला पाणी, कारखान्यांना वीज आणि जलवाहतूक साधली पाहिजे आणि त्यासाठी प्रांतांनी एकत्र यावे, असा तिचा आशय होता. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेवर काम केलेला अभियंता या आराखड्यासाठी बोलावला होता. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकला महानदीच्या योजनेसाठी बैठक झाली. हिराकूडच्या धरणामागे ती आहे. दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली प्रत्यक्षात आले.

१९४६ च्या जूनमध्ये त्यांचे हे मंत्रिपद संपले. पुढचे काम दुसऱ्या एका मराठी माणसाने पुरे केले. स्वतंत्र भारताचे बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री काकासाहेब गाडगीळ यांनी वीजपुरवठ्याचा कायदा संविधान सभेपुढे नेला आणि १९४८ साली तो मंजूर झाला. केंद्रीय वीज प्राधिकरण आणि राज्यांची वीज मंडळे याच कायद्यातली. महाराष्ट्राचे वीज मंडळ १९६० साली त्यानुसार आले आणि दीपनगरचे केंद्र त्या मंडळाचे अपत्य. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. घटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत, ३८ व्या क्रमांकावर आहे. केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. १९३५ च्या कायद्यातही तसेच होते, आणि मंत्री म्हणून चार वर्षे त्याचे फायदे-तोटे पाहिलेला माणूस मसुदा समितीच्या अध्यक्षपदी होता.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता १,३६२ मेगावॉट होती. एकट्या दीपनगरमध्ये उभारलेले २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे दोन संच यांची बेरीज १,४२० होते. पण संच मोठा असून भागत नाही. तो जाळ्याशी जुळला पाहिजे. इथले टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते. बंद पडलेला संच पुन्हा चालू झाला की नियंत्रण कक्षातला माणूस दाब, आवर्तने आणि लाटेचा ठेका जाळ्याशी मिळेपर्यंत थांबतो आणि मगच जोडणी करतो. लेझमाच्या चालत्या ताफ्यात नवा गडी ठेका धरूनच शिरतो, तसे हे आहे. ठेका चुकला तर यंत्राचे नुकसान ठरलेले.

देशाचे जाळेही असेच एकेक तुकडा जोडून झाले. पूर्व आणि ईशान्य भाग १९९१ साली एक झाले, आपला पश्चिम भाग २००३ साली त्यांना मिळाला, उत्तर २००६ साली. दक्षिण उरली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सारा भारत एका आवर्तनावर आला. शेवटची गाठ महाराष्ट्राच्या मातीत पडली.

हे सगळे एकट्या बाबासाहेबांनी केले असे म्हणणे त्यांनाही आवडले नसते. ते अभियंते नव्हते. तारा, मनोरे आणि रोहित्रे हजारो अभियंत्यांनी आणि कामगारांनी उभी केली. दीपनगरच्या आसपास ती माणसे मला रोज भेटतात. पण वीज ही ज्याच्या-त्याच्या परवान्यापुरती न ठेवता प्रदेशाच्या हिशेबाने आखायची, नफ्याआधी स्वस्ताई पाहायची आणि प्रांतांच्या भिंती ओलांडायच्या, हा विचार सरकारी कामकाजात आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आणि तरी काम पुरे झाले असे म्हणवत नाही. पंपाच्या कर्जाच्या फायली मी वर्षानुवर्षे हाताळल्या. यावल-रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचे कोटेशन भरले गेले, जोडणीचा कागद आला की कर्ज मंजूर व्हायचे आणि दोन वर्षांत त्याच्या अंगणात फरक दिसायचा. त्याच गावांच्या टोकाला असलेल्या वस्तीत मात्र खांब शेवटी पोचायचा, आणि पोचल्यावरही घरात एखादाच दिवा. तारेला माणसाची जात कळत नाही, हे खरे. पण तार कोणत्या गल्लीत आधी न्यायची हे माणसे ठरवतात, आणि ती टांगेवाल्याइतकीच जुनी सवय बाळगून असतात. मानक ठरवणे हे निम्मे काम; ते शेवटच्या घरापर्यंत पोचवणे उरलेले निम्मे.

बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत निधन झाले. दीपनगरचे केंद्र त्यांना पाहायला मिळाले नाही. मंत्रिपदाच्या चार वर्षांतली त्यांची भाषणे आणि टिपणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या दहाव्या खंडात आहेत. १९९१ साली आलेला हा जाडजूड इंग्रजी खंड बऱ्याच ग्रंथालयांत सापडतो. त्यात कोळसा आहे, धरणे आहेत, मजुरांची भरपाई आहे, विजेचे दर आहेत. भाषा कोरडी, सरकारी. पुढच्या जयंतीला मिरवणुकीबरोबरच त्यातली एखादी दहा पाने मुलांना मराठीत समजावून सांगितली, तर घरातला दिवा कुठून आला याचा थोडा वेगळा हिशेब त्यांच्या हाती लागेल.